वीणाताईंनी राखलेला बर्फ

मँचेस्टरच्या हॉस्पिटलातल्या लॅबमध्ये आयुष्य काढून वीणाताई सोहोनी रिटायर झाल्या आणि त्यांनी पेनाइनच्या डोंगरात एक दगडी घर घेतलं. एकटीला. पाण्याची सरकारी म्हणा, कंपनीची म्हणा, लाइन तिथवर पोचलेलीच नाही. वरच्या उतारावर एक झरा आहे, तोच पाइपातून नळाला येतो. मनात आलं तर.

पाऊस तिकडे भरपूर, पण तो कुरिअरवाल्यासारखा: दारात टाकतो आणि पळतो. बर्फ मात्र मुक्कामाला येतो, वितळत वितळत जमिनीत मुरतो. म्हणून वाऱ्याने उडणारा बर्फ अडावा, झऱ्याच्या वर ढीग व्हावा, यासाठी वीणाताईंनी उतारावर आडवी फळकुटं रोवली होती. गाव हसलं. वीणाताईंनी आणखी एक रांग रोवली.

जानेवारीत तुफान बर्फ पडला, रस्ता बंद झाला. तो उघडल्या उघडल्या मुलगा सुयश दक्षिणेकडच्या रीडिंग शहराहून मिठाची पोती घेऊन हजर. बर्फ वितळावा म्हणून दारापासून थेट उतारापर्यंत मीठ फेकत सुटला. वीणाताई कानटोपी घालून बाहेर आल्या आणि फावडं आडवं धरून उभ्या राहिल्या.

"सुयश, हे मीठ मला जुलैत प्यावं लागेल."

"आई, धिस इज मॅडनेस. रीडिंगला चल. रूम रेडी आहे."

"ऑगस्टात नळ कोरडा पडला तर येईन. मुकाट्याने. तोवर माझ्या बर्फाला हात लावायचा नाही."

त्या वर्षी मे महिन्यापासून पावसाने दडी मारली. खालच्या गावांत बागेला पाइप लावायला बंदी आली. सुयश दर रविवारी फोन करायचा. आधी नळाची चौकशी, मग आईची. ऑगस्टात तो आला तो डिकीभर पाण्याच्या बाटल्या घेऊनच. आईच्या घरी विकतचं पाणी! वीणाताईंनी एकही बाटली उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. बाहेरून आलेल्याला आधी पाणी द्यायचं, या रीतीने त्यांनी तांब्या नळाखाली धरला.

धार वातीएवढी. तांब्या भरेना. सुयश हातात बूट धरून उभा, वीणाताई नळापाशी ताठ. अखेर तांब्या काठोकाठ भरला. सुयशने घोट घेतला आणि त्याचे दात ठणकले.

"केवढं थंड आहे, आई."

"जानेवारीतलं आहे," वीणाताई म्हणाल्या. "त्या बाटल्या बागेतल्या रुबार्बच्या झाडांना घाल. आणि रीडिंगची खोली भाड्याने देऊन टाक."