अकुशल मावशी

हॉस्पिटलच्या फलकावर कर्मचाऱ्यांची यादी लागली आणि वॉर्डातल्या मावशींच्या नावापुढे ‘अकुशल’ असं छापून आलं. मावशी चक्रावल्या. त्यांना ‘कुशल’ हा शब्द ठाऊक होता तो पत्रांतला. ‘आम्ही सर्व कुशल आहोत.’

“अहो, मी तर ठणठणीत आहे! चोवीस वर्षांत शिंकसुद्धा नाही!”

सिस्टरांना हसू आवरेना. “तब्येतीचं नाही हो. कुशल म्हणजे काम शिकून हात तयार झालेला माणूस. तुमचा झाला नाही म्हणे.”

मावशी ताडकन उठल्या आणि थेट ऑफिसात गेल्या. यादी करणारे कारकून चष्मा पुसत म्हणाले, “मावशी, चादरी बदलायला कसलं आलंय शिक्षण?”

“या तर खरे वॉर्डात. ऑपरेशन झालेला पेशंट उठत नाही. चादर त्याच्या अंगाखाली असते. तुम्ही व्हा पेशंट.”

वॉर्डातल्या रिकाम्या पलंगावर कारकून आडवे झाले. आजूबाजूचे पेशंट माना उंचावून बघू लागले. मावशींनी सहज विचारलं, “लेकीची परीक्षा झाली का हो?” झालं! कारकुनांची गाडी जी सुटली ती थांबेना. खांद्याला एक तळवा, गुडघ्याला एक. मावशींनी त्यांना अलगद कुशीवर केलं, जुनी चादर पाठीशी गुंडाळली, तिला लागून नवी पसरली. मग त्या गुंडाळीवरून त्यांना दुसऱ्या कुशीवर घेतलं आणि जुनी ओढून काढली. चार कोपरे खोचले. एकही सुरकुती नाही.

“...गणितात पहिली आली बघा,” कारकून म्हणाले. “बरं, तुम्ही सुरू कधी करताय?”

“झालं की!”

कारकुनांनी खाली पाहिलं. पांढऱ्या चादरीवर झोपलेला माणूस निळ्या चादरीवर होता. कोपऱ्यातल्या आजोबांनी टाळ्या पिटल्या, मग सगळ्या वॉर्डाने. कारकून उठून बसले, ओशाळले आणि मग स्वतःच खो खो हसत सुटले. त्याच दुपारी त्यांनी वरच्या साहेबांना दोन पानी पत्र लिहिलं.

आठवड्याने नवी यादी लागली. ‘अ’ गेला होता. मावशींनी तो शब्द चारदा वाचला, सिस्टरांना बोलावून पाचव्यांदा वाचून घेतला.

पुढच्या महिन्यात नव्याने लागलेल्या पाच जणींना शिकवायचं काम त्यांच्याकडेच आलं. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांत उंच मुलीला पलंगावर झोपवलं, बाह्या सरसावल्या आणि म्हणाल्या, “आधी तिच्याशी गप्पा मारा गं!”