मेहुण्यांनी घरी बदललेले ब्रेक

आपल्या मालकीच्या वस्तूला दुसऱ्याचा पाना लागू न देणारा असा माणूस मुरबाडपासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर आमचे मेहुणे त्यालाही उघडून तपासतील. मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. वैशाखऱ्याच्या अलीकडे रस्त्यालगतच त्यांचं घर आहे. पडवीतल्या पंख्याची जोडणी त्यांनी स्वतः केली, तेव्हापासून तो वारा खाली न सोडता वर फेकतो. त्यावर त्यांचं म्हणणं, "पत्रा गार ऱ्हायला का खालची मानसं आपोआप गार ऱ्हातात." एकदा दाढ दुखते म्हणून मुरबाडला डॉक्टरकडे गेले, आणि दाढ तशीच ठेवून, डॉक्टरच्या डुगडुगणाऱ्या खुर्चीचा स्क्रू आवळून परत आले. गॅरेजचं तर नाव काढायची सोय नाही. "आपली गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची आन् आपुन बाकड्यावर बसून च्या प्यायचा? मी काय पाहुना हाय?"

अशा माणसाने आपल्या जुन्या, आठ माणसांच्या जीपचे ब्रेक अंगणात बदलायला घेतले यात नवल नव्हतं. भात झोडून झालं होतं, पेंढ्याची उडवी घरामागे रचून झाली होती, आणि त्यांच्या मुलीचं लग्न घाटापलीकडे जमत आलं होतं. पुढच्या रविवारी सगळ्यांनी जीपमधून तिचं होणारं घर बघायला जायचं ठरलं होतं. चारही चाकांचे ब्रेक-शू, म्हणजे चाकाला आतून घासून थांबवणारे पट्टे, त्यांनी एकट्याने बदलले. पण काम केल्यावर तेलाच्या नळीत हवा राहते, आणि ती काढायला माणसं दोन लागतात. म्हणून मला शहापूरहून बोलावून घेतलं. मी शाळामास्तर, स्वभावाने आज्ञाधारक. सीटवर बसून पेडल तीन-चारदा मारायचं आणि दाबून धरायचं, एवढंच माझं काम. मग ते चाकामागे आडवे होऊन तेल सोडायचं एक छोटं निपल सैल करणार, बुडबुड्यांसकट तेल बाहेर येणार, ते निपल आवळणार आणि म्हणणार, "सोडा." तोवर पाय हलवायचा नाही. हलला तर बाहेरची हवा उलटी आत जाते.

तीन चाकं बिनचूक झाली. चौथ्या चाकाची शेवटची खेप चालू असताना समोरून सासरे आले. शेतावरून येत होते, हातात विळा. आमच्याकडे सासरे उभे असताना जावयाने पाय पसरून बसून राहायचं नसतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही, ते अंगातच आहे. मी उठलो, खाली उतरलो, वाकलो. सासरे "बसा, बसा" म्हणत आत गेले. मी परत येऊन पेडल दाबलं तेव्हा चाकामागून आवाज आला, "सोडा! झाला काम!"

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मग म्हातारबुवांमुळे पाय निघाला असं म्हणावं लागलं असतं. एका दिवसाने सांगू, असं ठरवलं. मग दोन दिवसांनी.

पुढचा आठवडा मेहुण्यांनी जगाशी लढण्यात घालवला. रोज संध्याकाळी मला फोन. सोमवारी गाडी डावीकडे ओढत होती. उजव्या चाकाच्या शूवर ग्रीस सापडलं, ते घासून काढलं, गाडी सरळ झाली. मंगळवारी शू फार जवळ बसवल्याने चाक इतकं तापलं, की वहिनींनी त्यावर पापड भाजायची तयारी दाखवली. तेही त्यांनी सैल करून जमवलं. पण पेडल मात्र लोण्यासारखं आत जाई आणि दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला ब्रेक लागे. त्याची चाचणी ते स्वतःच्याच उडवीवर घेत. गाडी वेगात न्यायची, ब्रेक मारायचा, लागला तर ठीक, नाहीतर पेंढ्यात. बुधवारी जीप बोनेटपर्यंत आत गेली आणि पलीकडून तीन कोंबड्या बाहेर पडल्या. शेजारचे काका कुंपणावरून विचारत, "काय रं, आज किती पेंढा खाल्ला तुझ्या जीपनी? दूध तरी देते का?"

"हवा राहिली असेल," असं सगळं गाव म्हणत होतं. मेहुणे गरजत, "हवा? पेडलवर शाळामास्तर व्हते माझे! बाकी काय पन बोला, हवा नाय!" हे वाक्य त्यांनी फोनवर मला अभिमानाने सांगितलं, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

शनिवारी दुपारी मी बायकोला घेऊन पोचलो. वहिनी भांडणाच्या पवित्र्यात होत्या. "भाड्याची गाडी सांगा. घाट उतरायचाय, हितं पेंढा हाय, थितं दरी हाय!"

"माझ्या पोरीचा घर बघायला मी दुसऱ्याच्या ब्रेकवर जाऊ?" मेहुणे म्हणाले. "उद्या हीच गाडी जानार, आन् मीच चालवनार."

त्या गाडीत माझी बायको बसणार होती. सासरे बसणार होते. मी पायातली चप्पल काढली, का काढली कोण जाणे, आणि सगळं सांगून टाकलं.

मेहुण्यांनी फडक्याला हात पुसले.

"तुमी उतरलात, तवा निपल उघडा व्हता?"

"हो."

"आन् मी न बघता आवळला."

"नाही दादा, चूक माझी आहे."

"गाडी कुनाची?"

"तुमची."

"मंग चूक तुमची कशी? भावजी, ह्या गाडीत आजवर दुसऱ्याचा काय पन चालला नाय. चूक पन चालनार नाय."

आठवडाभर पोटात सांभाळलेली माझी चूक त्यांनी मला ठेवूही दिली नाही. वहिनी म्हणाल्या, "आता तरी पेडलवर दुसरा मानूस बसवा." त्यावर ते म्हणाले, "दुसरा नको. ह्यांचा पाय एकदा सुटलाय, आता कापला तरी सुटायचा नाय. बसा भावजी."

मी बसलो. सासरे दोनदा समोरून गेले, मी मान खाली घातली पण पाय धरून ठेवला. चौथ्या चाकातून बराच वेळ बुडबुडे आले. मग पेडल दगडासारखं झालं. रविवारी आम्ही घाट चढलो, मुलीचं घर पाहिलं आणि संध्याकाळी उतरलो. मेहुणे वळणावळणावर गरज नसताना ब्रेक मारत होते आणि मागे वळून वहिनींकडे बघत होते.

मुलगी आता घाटापलीकडे नांदते. मेहुण्यांच्या घरात आता तिघंच असतात. वर्षातून दोन-तीनदा मेहुण्यांचा फोन येतो, "हवा काढायचीय, या." मी जातो. ते चाकामागे आडवे होतात, मी पेडल धरतो. नळीतून स्वच्छ तेल येतं, एकही बुडबुडा नसतो. पहिल्याच चाकाला आम्हा दोघांनाही ते कळलेलं असतं. तरी ते दुसऱ्या चाकाकडे सरकतात, मग तिसऱ्या, आणि प्रत्येक वेळी "सोडा" म्हणायला जरा जास्तच वेळ लावतात.