गोदावरीबाईंची चूक

१९४३ साली गोदावरीबाई तासगावजवळच्या एका गावात मुलींच्या शाळेत शिकवत होत्या. माहेर वाईचं. विसाव्या वर्षी नवरा गेला, मग पुण्यात ट्रेनिंग, मग ही नोकरी. विधवेचं तोंड दिसायला नको म्हणून सकाळी पाणवठ्यावरच्या बायका वाट बदलत. शाळेतल्या पोरी पाटीत बघत. त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघणारी एकटी बनू, जोतिबा शेतकऱ्याची लेक.

चौथ्या वर्षी तापात बनूचे कान गेले. आलेले शब्दही हळूहळू गेले. आता ती नऊ वर्षांची होती आणि गावानं तिला वेडी ठरवून टाकलं होतं. बाईंनी ठरवलं नाही. शाळा सुटली की त्या तिला समोर बसवत आणि तिच्या तळहातावर चिमूटभर पीठ ठेवून तो ओठांपुढे धरत. ‘प’ म्हटला की पीठ उडायचं, ‘म’ म्हटला की जागचं हलायचं नाही. एका ‘प’ला अकरा दिवस लागले. वर्षाअखेर बनू ओठ बघून तीसेक शब्द ओळखायला आणि पाटीवर लिहायला लागली.

शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला येणार होते. बनूला पटावर ठेवायचं की नाही, ते ठरवणार होते. बाईंनी आठवडाभर पोरींकडून रीत घोटून घेतली. साहेब बोलायला लागले की उभं राहायचं, हात जोडायचे, नजर खाली. बनूची मान तर त्यांनी स्वतःच्या हातानं वाकवून दाखवली.

साहेब बनूपुढे थांबले. “पाटीवर ‘पाणी’ लिही.” पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदाही म्हणाले. बाईंचीसुद्धा नजर जमिनीवर होती. त्यांनी वर बघितलं तेव्हा बनू मान खाली घालून उभी होती आणि साहेबांचा शेरा लिहून होत आला होता.

“साहेब, तिला ओठ दिसायला हवेत. खाली बघायला मीच शिकवलंय. एकदा परत विचारा.”

“बाई, तीनदा विचारलं. आणखी किती?”

नाव काढलं गेलं. आपण बाईंनी सांगितलं तसं केलं आणि दुसऱ्या दिवसापासून आपली शाळा बंद झाली, एवढंच बनूला कळलं.

रविवारी बाई दोन मैल चालून माळावर गेल्या. जोतिबा बांध घालत होता. बनू शेळ्यांमागे होती.

“आवं बाई, सायबानं नाव काढलं न्हवं? मग उनाचं कशाला आलासा?”

“चूक माझी होती.”

“आसंल. पर आता तिला शेरडं राखायची हायती. शेरडांसंगं कुठं बोलाय लागतंय?”

“मग मीही राखते.”

जोतिबा हसला. “वाईच्या बाई आन् शेरडं. राखा की.”

बाई बनूच्या समोर जाऊन बसल्या. बनूनं पाठ फिरवली. बाई उठल्या, वळसा घालून पुन्हा समोर बसल्या. बनू पुन्हा फिरली. दिवस कलेपर्यंत हेच चाललं. बनू शेळ्या हाकत घरी गेली, तेव्हा बाई परत निघाल्या. खोलीवर पोचल्या, चूल पेटवली, एकटीपुरती भाकरी थापली.

पुढच्या रविवारी त्या तासभर आधी निघाल्या.