रेड्याचा डावा हात

चाळीस वर्षांच्या संसारात गोजराबाईनं नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानातही "आमच्या घरचे" म्हणून मोकळी!

त्या घरच्यांच्या, म्हणजे पुंजाजीच्या, गेल्या पोळ्याला डाव्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टरनं दगदग बंद सांगितली. पण चैत्रातली सोंगं आली की हा म्हातारा ऐकतो थोडंच? धरणाच्या पाण्यात देवीच्या टेकडीचं बेट झालं, तरी गाव दरसाल मुखवटे डोंग्यात घालून तिथं जातं. रेड्याचा लाकडी मुखवटा पुंजाजीच्या घरचा, आजापासूनचा.

नेम मोठा कडक. मुखवटा चढला की बोलायचं नाही आणि देवीभोवती पाच फेऱ्या होईस्तोवर त्याला कुणी नावानं हाक मारायची नाही. हाक पडली की सोंग बाटलं, मुखवटा कायमचा दुसऱ्या घरी.

"मंग तुमी धड हाय का नाई, मले कसं समजन?"

"दर फेरीले डावा हात वर करतो. झालं समाधान?"

पहिल्या दोन फेऱ्यांना हात झकास वर गेला. तिसऱ्या फेरीला खांद्यापर्यंतच. चौथ्या फेरीला गेलाच नाही.  रेडा डुलत होता, पण तो नाच की भोवळ? लोक तर शिट्ट्या मारत होते, मेले! एकच फेरी राह्यली, गप राह्य, असं तिनं स्वतःला बजावलं, पदर तोंडात कोंबला. रेडा अडखळला.

"पुंजाजी!"

डफडं थांबलं. पुंजाजीनं उजव्या हातानं मुखवटा काढला. तोंड घामानं निथळत होतं.

"काहून वरडली वं? हात कराचा ध्यानातून गेला, बस!"

शेजारच्या भाऊसिंगनं खाली मान घालून मुखवटा उचलला. आता तो त्याच्या घरचा.

परतताना सगळे डोंग्यात बसले. आग लागो माह्या तोंडाले, म्हणत गोजराबाई रडत होती. तेवढ्यात डोंगा दगडाला धडकला. सगळ्यांनी दोन्ही हातांनी काठ धरला. पुंजाजीनं एकाच हातानं.

"हात उचला बरं," ती म्हणाली.

त्यानं उजवा उचलला.

"थो नाई. डावा."

पुंजाजी मांडीवरच्या डाव्या हाताकडं पाहत राहिला. "चवथ्या फेरीपासून उठून नाई राह्यला वं. वाटलं, पाच पुऱ्या होऊन जातीन."