शंभरातली सहा घरं

आमची टीम अकरा जणांची. त्या बुधवारी सकाळी दहा जणांना नोकरी गेल्याची ईमेल आली. अकरावा मी. माझीही नोकरी गेलीच होती, पण चार महिन्यांनी जाणार होती. तेवढ्या काळात आमचं सगळं काम दुसऱ्या राज्यातल्या नव्या टीमला शिकवायचं होतं. आयटीत याला केटी म्हणतात, नॉलेज ट्रान्सफर. जाणाऱ्याने आपल्या जागी येणाऱ्याला सगळं समजावून सांगायचं, कागदावर उतरवून द्यायचं आणि हसतमुखाने निघायचं.

अमेरिकेत व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. माझे साठ दिवस चार महिन्यांनंतर सुरू होणार होते. म्हणजे मुलीचं सातवीचं वर्ष तरी रेडमंडमध्ये पुरं झालं असतं. मला आनंद झाला, पण तो दाखवायची सोय नव्हती. आम्ही ऑफिसच्या वाटेवर होतो आणि गाडी माझा मित्र चालवत होता. नागपूरचा, माझ्याच टीममधला, आठ वर्षं रोज बरोबर जाणारा. त्याचे साठ दिवस त्या सकाळपासूनच सुरू झाले होते. मी म्हटलं, मलाही ईमेल आली. हे खोटं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे मी दिवसा बेडरूमचं दार लावून ऑनलाइन केटी देत होतो. संध्याकाळी मित्र आमच्या घरी आला की त्याच्या शेजारी बसून नोकऱ्यांचे अर्ज भरत होतो. बायको चहा करायची आणि माझ्याकडे बघायचं टाळायची.

त्याच सुमारास मुलीला शाळेत प्रोजेक्ट मिळाला. चारशे वर्षांपूर्वी स्पेनच्या ख्रिस्ती राजाने मोरिस्कोंना हाकलून दिलं, त्यावर. मोरिस्को म्हणजे मूळचे मुसलमान. त्यांच्या पणजोबांना सक्तीने ख्रिस्ती केलेलं, तरी हे लोक चोरून जुनाच धर्म पाळतात असा संशय. डुक्कर खात नाहीत, हा पुरावा. वलेन्सियात त्यांना तीन दिवसांची मुदत मिळाली. वाहून नेता येईल तेवढं सामान घ्या आणि जहाजावर चढा.

मुलीने मदत मागितली ती माझ्या मित्राकडे, कारण काका मुसलमान आहेत, तेव्हा त्यांना माहीत असणार. तो शांतपणे म्हणाला, "बेटा, माझे सगळे कामठीचे. स्पेनला कोणी नव्हतं." मग तीन संध्याकाळी बसून त्याने सगळं वाचून काढलं. वेळ होताच.

एका स्लाइडवर शंभरातली सहा घरं होती. जमीनदारांना काळजी पडली की हे लोक गेले तर पाटाचं पाणी कोण सोडणार, भात आणि ऊस कोण बघणार. तेव्हा दर शंभर घरांमागे सहा घरं मागे ठेवायचं ठरलं. नव्या येणाऱ्यांना काम शिकवायला.

"म्हणजे केटी," मी म्हणालो.

मुलगी म्हणाली, "बाबा, इट्स नॉट फनी." मी विनोद केला नव्हता. त्यातली कितीतरी माणसं वाटेत लुटली गेली, मेली. मला फार तर विमानाचं तिकीट काढावं लागलं असतं, जेवणासकट. एवढं कळूनही त्या सहा घरांवरून माझी नजर हटेना. मी विचारलं, ती राहिली का?

बहुतेकांनी नाही म्हटलं, मुलगी म्हणाली. सगळे जाणार तर आम्हीही जाणार.

मी म्हटलं, त्यांना शाळेत जाणारी मुलं नसतील.

"दे हॅड किड्स, बाबा."

मित्राने स्लाइडमधलं एक स्पेलिंग दुरुस्त केलं आणि जायला उठला. मी त्याच्याबरोबर खाली पार्किंगपर्यंत गेलो. पाऊस होता, रेडमंडमध्ये असतोच. तिथे एकदाचं सांगून टाकलं: चार महिने, केटी, बेडरूमचं दार. मला त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

"माहीत हाय," तो म्हणाला. "मॅनेजरनं पहिले मलाच विचारलं होतं ना बे. ईमेलच्या आधी, सोमवारी. मी म्हटलं, सगळ्यांना काढता अन् मला ठेवता, हे माझ्याच्याने नाही होत. मग कोण, असं विचारलं तर तुझं नाव सांगितलं. पोरीची शाळा हाय."

म्हणजे ते तीन आठवडे तो सगळं जाणून माझ्या शेजारी बसत होता. मी विचारलं, बोलला का नाहीस.

"तू अर्ज इतके मन लावून भरत होता."

मला शरम वाटली. आजही वाटते. आभार मानायला हवे होते, ते काही जमलं नाही. मी म्हटलं, सावकाश जा, रस्ते ओले आहेत.

साठ दिवसांत त्याला नोकरी मिळाली नाही. तो आणि त्याची बायको नागपूरला परत गेले. मुलीने सातवी पुरी केली. मला माझ्या साठ दिवसांतल्या शेवटच्या आठवड्यात दुसरीकडे नोकरी लागली, आम्ही इथेच आहोत.

नव्या टीमने माझ्या केटीच्या कागदपत्रांचं फार कौतुक केलं. इतकं स्वच्छ काम पाहिलं नाही म्हणाले. त्यातलं निम्मं माझ्या मित्राने आधीच्या वर्षांत लिहिलेलं होतं, प्रत्येक पानावर त्याचं नाव होतं. काम सोपवताना गेलेल्या माणसांची नावं काढून टाकायची असतात, तसा नियम आहे. ती मी काढली.