फांदीवरचा दगड

आधीच सांगून टाकतो, म्हणजे ओळखीचे लोक रस्त्यात गाठून माझी काळजी करणार नाहीत — मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. आमच्या आजोबांनी छप्पन्न साली देव्हारा घराबाहेर काढला, तेव्हा भुतंखेतंही त्याच गाठोड्यात बांधून गेली, असं बाबा सांगायचे. पुढे मी स्वतः बल्लारपूरकडच्या कोळसा खाणींत चौतीस वर्षं सर्व्हेअर होतो. जमिनीखालच्या अंधारात टेप आणि दुर्बीण घेऊन माझ्याइतका रेंगाळलेला दुसरा कोणी नसेल. तिथे काही असतं तर मला भेटलंच असतं. या सदरात लोक भुताखेतांचे अनुभव लिहितात ते मी आवडीने वाचतो आणि शेजारच्या गेडाम मास्तरांना वाचून दाखवून हसतो. आज मीच लिहितोय. मास्तरांना आयतीच संधी आहे.

सायकल मी रिटायर झाल्यावर धरली. खरं सांगायचं तर रिटायर झाल्यावर नाही, सुषमा गेल्यावर. सुषमा म्हणजे माझी बायको. दोन वर्षं झाली. मुलगा पुण्याला असतो, रविवारी फोन करतो, जेवलात का विचारतो. मी हो म्हणतो. बाकीचे सहा दिवस घरात मीच बोलतो आणि मीच ऐकतो. मग कोणीतरी म्हणालं सायकलच्या ग्रुपमध्ये या, आणि मी गेलो.

सुषमाबद्दल एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिचा उजवा गुडघा दुखायचा, त्यामुळे ती हळू चालायची. आणि मी आयुष्यभर तिच्यापुढे चाललो. बाजारात, लग्नांत, दीक्षाभूमीच्या गर्दीत... मी दहा पावलं पुढे आणि मागून तिचा आवाज, "थांबा ना जरा." मी थांबायचो, पण कसा, तर घड्याळात बघत. शेवटच्या दिवशीसुद्धा दवाखान्याच्या दारात तिला स्ट्रेचरवर घेतलं आणि मी फॉर्म भरायला पुढे पळालो. वेळ वाचेल म्हणून. फॉर्म भरून मागे वळलो तेव्हा ती नव्हती. म्हणजे होती, पण नव्हती.

असो.

गेल्या जानेवारीत आमच्या ग्रुपने पाच दिवसांची टूर काढली. चंद्रपूरहून मूल, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, अहेरी आणि तिथून भामरागडकडच्या डोंगरांत. नऊ सायकली आणि सामानाची एक गाडी. गाइड होता बंडू मडावी, अहेरीकडचाच, पस्तिशीचा, पायांत नुसतं लोखंड. तो सगळ्यांच्या पुढे आणि मी सगळ्यांच्या मागे. सायकलच्या टूरमध्ये शेवटचा माणूस ठरलेला असतो. त्याने कोणाच्याही पुढे जायचं नाही. कोणी थांबलं, थकलं, पंक्चर झालं, तर त्याने तिथेच थांबायचं. हे काम मी मागून घेतलं. सगळ्यांना वाटलं काकांना दम लागतो. मला पुढे जायचं नव्हतं, एवढंच.

हे काम फार एकटं असतं. सुरुवातीचे चार-पाच किलोमीटर पुढच्याचा लाल टीशर्ट दिसतो, मग तोही वळणाआड जातो. नंतर तुम्ही, चेनचा आवाज आणि दोन्ही बाजूंनी साग. कोणी चुकत नाही ना, एवढं बघायचं. पण तुम्ही चुकलात तर ते बघायला मागे कोणी नसतं.

मोठा रस्ता सोडला की तिकडे मोबाइलला रेंज नाही. नकाशात गावं आहेत, पण गावात जाणारे रस्ते नाहीत. त्यावर बंडूची स्वतःची पद्धत होती. त्याचे वडील तेंदूपत्त्याच्या हंगामात टोळी घेऊन जंगलात जायचे, त्यांचीच ती पद्धत. फाटा आला की पुढच्याने एक हिरवी फांदी तोडायची आणि ज्या रस्त्याने जायचं नाही त्यावर आडवी टाकायची. मागच्यांनी ती बघून दुसऱ्या रस्त्याने जायचं. आणि सर्वांत शेवटच्याने फांदी उचलून बाजूला ठेवायची. मी विचारलं, उचलायची कशाला? आपण तर गेलो. बंडू अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, "शेवटच्यानं उचलाच लागते काका. नाई उचलली तं रस्त्याले वाटते का अजून कोनी यायचं हाय. मंग तो वाट पाहत रायते."

मी हसलो, पण पद्धत मला आवडली. खाणीत शिफ्ट सुटली की टोकनं मोजायचो. एक टोकन कमी असलं तर वर आलेला कोणीही घरी जायचा नाही. हे तसंच वाटलं. फक्त माझी जुनी खोड अशी, की खूण नीट बसवल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून मी फांदी उचलून बाजूला ठेवली की वाऱ्याने परत रस्त्यावर यायला नको म्हणून तिच्या बुंध्यावर एक दगड ठेवायचो. हाताच्या पंजाएवढा, चपटा. पहिल्या दोन दिवसांत असे सात फाटे झाले आणि सातही ठिकाणी दगड ठेवले. कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

तिसरा दिवस. अहेरीहून सकाळी साडेसहाला निघालो. थंडी इतकी, की हातमोज्यांतही बोटं वाकत नव्हती. आलापल्ली मागे पडल्यावर चढ-उतार सुरू झाले. पुढे मोठ्या रस्त्यावर एका पुलाचं काम चाललं होतं, म्हणून बंडूने आतल्या अरुंद डांबरी रस्त्याने सगळ्यांना वळवलं. मीटरवर ४१.६ किलोमीटर झाले होते आणि अकराला दहा मिनिटं कमी होती, तेव्हा मला फाटा लागला. डावीकडच्या रस्त्यावर ऐनाची फांदी आडवी. नेमकी तिथेच माझी चेन उतरली. ती चढवली, हात काळे झाले, ते पानांना पुसले... आणि पुढे निघालो. फांदी उचलायची राहिली. तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

अर्धा-एक किलोमीटर गेल्यावर मागे कोणीतरी आहे असं वाटायला लागलं. कसं ते सांगता येत नाही. सर्व्हेला जाताना मागून पट्टी घेऊन येणारा मदतनीस असतो, तो बोलला नाही तरी तो आहे हे पाठीला कळतं. तसं. मी दोनदा मागे पाहिलं. रस्ता रिकामा. तिसऱ्यांदा पाहिलं नाही, कारण खरं सांगू का, मला बरं वाटत होतं. तीन दिवसांत पहिल्यांदा. म्हटलं, असू दे.

फाट्यापासून बरोबर चार किलोमीटरवर एक गाव आलं. नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांच्या मागे उगाच ससेमिरा नको. रस्त्याला लागून हँडपंप, तिथे दोन बायका भांडी घासत होत्या आणि एक म्हातारी बाई पाणी भरत होती. मी थांबलो. म्हातारीने न मागता ग्लास भरून दिला. मग दुसरा भरला आणि पंपाच्या ओट्यावर ठेवला. मला वाटलं तोही माझ्यासाठी, म्हणून हात पुढे केला. तिने ग्लास मागे सरकवला. तिची बोली माडिया, माझ्याशी ती मोडक्या मराठीत बोलत होती.

"तो मागच्यासाठी हाय," ती म्हणाली.

मी सांगितलं, माझ्या मागे कोणी नाही, शेवटचा मीच. तिने माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं. भांडी घासणाऱ्या दोघींनीही पाहिलं, आणि त्या हसल्या नाहीत. मी वळून पाहिलं. तीनशे मीटर सरळ रस्ता, पुढे वळण. ऊन, धूळ, वाळलेली सागाची पानं. अंतराचा अंदाज हा माझा धंदा आहे, तीनशे मीटरवर मला मांजर दिसतं.

"हाय ना," म्हातारी म्हणाली. "पायी येऊन राह्यलं."

बाई आहे की पुरुष, असं मी विचारलं. तिने कपाळावर हात धरून बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. "दूर हाय, दिसत नाई. थकलं हाय पन." मग माझ्याकडे बघून, आपण कोणालाही म्हणू तितक्या सहज म्हणाली, "थांब ना जरा, भाऊ."

मी सायकल पंपाला टेकवली आणि ओट्यावर बसलो. घड्याळ पाहिलं, अकरा वाजून बारा मिनिटं. मी थांबलो. वळणाकडे बघत थांबलो. एक कोंबडी रस्ता ओलांडून गेली. भरलेला ग्लास माझ्या बाजूला होता. अकरा बावीसला मी उठलो. पुढे आठ माणसं माझी वाट बघत असतील, गाइड काळजीत असेल, असं स्वतःला सांगितलं.

दोन किलोमीटर पुढे एका मोहाच्या झाडाखाली सगळे जेवायला थांबले होते. मी बंडूला बाजूला घेऊन विचारलं, आपले सगळे आहेत ना? त्याने मोजले. नऊच्या नऊ. काय झालं विचारलं, तेव्हा मी पंपावरचं सांगितलं, चेष्टेच्या सुरात. तो हसला नाही. त्याने एवढंच विचारलं, "काका, मागच्या फाट्यावरची फांदी उचलली काय?"

तेव्हा मला आठवलं.

परत जाऊन उचलावी लागेल, असं तो म्हणाला. मी येतो संगं, असंही म्हणाला. मी नको म्हटलं. मानत नसलो तरी नेमून दिलेलं काम मी अर्धवट सोडलं होतं, तेवढं कारण पुरे होतं. आणि दुसरं एक कारण होतं. मला त्या रस्त्यावर समोरून जायचं होतं. कोणी येत असेल, तर या वेळी ते मला समोर दिसणार होतं.

सहा किलोमीटर. भर दुपार. मी इतक्या हळू गेलो की दोनदा तोल गेला. प्रत्येक वळणावर आधी थांबायचो आणि मग वळायचो. कोणी नव्हतं. गावात पंपावर आता कोणी नव्हतं, बायका घरी गेल्या होत्या. ग्लास ओट्यावर पालथा घातलेला होता. आता तो म्हातारीनेच रिकामा करून ठेवला असेल, हे मलाही कळतं.

मग फाटा आला.

डावा रस्ता मोकळा होता. फांदी उचललेली होती. बाजूला गवतात नीट ठेवलेली, आणि तिच्या बुंध्यावर एक दगड. पंजाएवढा, चपटा.

मी सायकल टाकून तिथेच खाली बसलो. फांदी गावातल्या कोणीही उचलली असेल, ही पद्धत तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण दगड? बंडू दगड ठेवत नाही. त्याला नंतर मुद्दाम विचारलं, त्याच्या वडिलांनीही कधी ठेवला नाही. ती माझी खोड. आणि मी दगड ठेवतो हे कोणालाच माहीत असण्याचं कारण नव्हतं, कारण मी शेवटचा होतो. माझ्या मागून चालत आलेल्या माणसालाच ते दिसलं असतं.

त्या निर्जन फाट्यावर मी हाक मारली. कोणाला मारली ते लिहीत नाही, तुम्हाला कळलंय.

मी दगडाला हात लावला नाही. उठून परत निघालो, आणि तेव्हा कळलं की पाठीमागे आता काहीच नाही. सकाळी जे होतं ते गेलं होतं. सोबत होती हे मला ती संपल्यावर समजलं. ते सहा किलोमीटर माझ्या आयुष्यातले सर्वांत लांब सहा किलोमीटर. मी कितीतरी वेळा मागे पाहिलं. मुद्दाम हळू चालवली, एका चढावर तर उतरून सायकल हातात धरून पायी चाललो. पण पाठीला काही कळलं नाही.

बंडूला फांदीचं सांगितलं. दगडाचंही. त्याने हातातल्या बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाला, "मंग शेवटचे तुमी नव्हते काका. जे शेवटचं होतं त्यानं रस्त्याचं वाट पाहनं बंद केलं. झालं."

झालं, म्हणे. त्याच्यासाठी झालं.

मी सगळी अंतरं मोजून वहीत लिहून ठेवली आहेत. वेळा लिहिल्या आहेत. गावातलं कोणी, गुराखी, योगायोग, उन्हाने म्हातारीच्या डोळ्यांपुढे आलेली अंधारी... एकेक कारण वेगळं धरलं तर पटतं, सगळी एकत्र बसत नाहीत. ती सुषमा होती असं मी म्हणत नाही. सुषमाला भामरागड कुठे आहे तेसुद्धा माहीत नव्हतं. पण ती नव्हती असंही मला म्हणता येत नाही, आणि माझ्यासारख्या माणसाला हे असं अधांतरी राहणं फार अवघड जातं. गेडाम मास्तरांना सांगितलं तर ते हसले नाहीत, त्यांनी चहा टाकला. त्याचा मला जास्त त्रास झाला.

यंदाही टूर आहे. बंडूचा फोन आला होता, मागे कोण राहील विचारत होता. मी राहीन म्हटलं.

एकच गोष्ट मनातून जात नाही. त्या पंपावर मी दहा मिनिटं थांबलो. बत्तीस वर्षांच्या संसारात सुषमासाठी कधी एवढा थांबलो नव्हतो. तरी घड्याळ बघतच थांबलो. ती बाई म्हणत होती, थकलंय, येऊन राह्यलंय. आणि अकराव्या मिनिटाला मी पेडल मारलं.