खाली की रिकामी

माणूस फौजेत जातो तो जग बघायला. मला फौजेनं पहिल्यांदा आणून टाकलं ते हिंगोलीला, म्हणजे माझ्या साखरा गावाहून बैलगाडीच्या वाटेवर. त्रेचाळीसचा हिवाळा होता. लढाई जोरात होती, ट्रेनिंग सेंटरमध्ये रिक्रूट मावत नव्हते, म्हणून आमची एक कंपनी हिंगोलीच्या जुन्या छावणीच्या माळावर तंबू ठोकून बसवली होती. इंग्रजांची पलटण कधीकाळी तिथं राहायची. ती गेली आणि मागं चुन्याच्या भिंती, एक विहीर आणि माळाच्या टोकाला मातीचा उंच बांध राहिला. गावचे लोक त्या जागेला चांदमारी म्हणत. लहानपणी बाजाराला आलो की मला वाटायचं, इथून कुणीतरी कधी चंद्रावर बंदूक झाडली असणार. चांदमारी म्हणजे नेमबाजीचं मैदान, हे कळायला अंगावर खाकी चढावी लागली.

तोवर आमची फक्त लहान चांदमारी झाली होती. पॉइंट टू टूची रायफल, गोळी भुईमुगाच्या दाण्याएवढी, आवाज काटकी मोडल्यासारखा. आता मोठी चांदमारी होणार होती, थ्री नॉट थ्रीची. ही गोळी मैलभर जाते आणि रायफल खांद्याला घोड्यासारखी लाथ मारते, असं जुने शिपाई सांगत. सांगताना ते गालात हसत, त्यामुळं आम्ही जास्तच घाबरत होतो.

आमच्या सेक्शनमध्ये सगळ्यात जास्त काळजी केरबाला होती. केरबा पुसेगावचा, माझ्याच तालुक्यातला. भरतीच्या वेळी त्याची छाती मापात बसली नाही. डॉक्टरनं त्याला लढाऊ कामाला नापास केलं आणि त्याची भरती लांगरी म्हणून, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात झाली. लंगरात भांडी ओढता ओढता तो आमची परेड बघायचा आणि हातातला झारा खांद्याला लावून नेम धरायचा. आमच्या उस्तादांनी, म्हणजे शिकवणाऱ्या हवालदारांनी, ते पाहिलं. त्यांनी कंपनी कमांडरशी बोलून त्याला परेडला घेतलं, पण अट घातली. मोठ्या चांदमारीत पास झाला तर जवान, नाही तर परत लंगर. तोवर त्यानं दोन्ही कामं करायची, पहाटे परेड आणि संध्याकाळी आम्हाला वाढायचं.

त्यात पुसेगावची माणसं हिंगोलीच्या बाजाराला यायची. त्यातल्या कुणीतरी त्याला हंडा उचलून नेताना पाहिलं आणि केरबा फौजेत भाकरी बडवतो, अशी बातमी गावभर केली. केरबाच्या ती फार जिव्हारी लागली. तो मला म्हणाला, "सोपान, माय कोणाला सांगंना झाली मी काय काम करून राहिलो ते."

उस्ताद म्हणजे हवालदार निहालसिंग. पंजाबकडचे, दाढी बांधलेली, आवाज खर्जातला. उगाच शिवी देत नसत आणि उगाच शाबासकीही देत नसत. ते हिंदुस्थानीत बोलायचे. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. निजामाच्या राज्यात वाढलेली पोरं आम्ही. कचेरीची भाषा उर्दू, आणि बराबर, तकलीफ, दरखास्त हे शब्द आमच्या म्हाताऱ्यांच्याही तोंडी. हुकूम आम्हाला इतर मराठी पोरांपेक्षा लवकर कळतो असा आमचा तोरा होता, आणि पुढं तोच आम्हाला नडला.

चांदमारीच्या आधी तयारीचे दिवस होते. गोळी न घालता पडून नेम धरायचा. उस्ताद समोर बसून एका पत्र्याच्या चकतीच्या भोकातून आमचा डोळा बघायचे, नेम कुणीकडं सरकतो ते सांगायचे. नळीच्या टोकावर निजामाचा हाली शिक्क्याचा पैसा ठेवायचे. घोडा ओढल्यावर पैसा पडला की पुन्हा. केरबाचा पैसा पहिले काही दिवस पडत राहिला. मग त्यानं श्वास अर्धा सोडून थांबायचं कसब साधलं आणि पैसा पडायचा थांबला. माझा मात्र अधूनमधून पडायचा. उस्ताद तो पैसा उचलून फुंकर मारून परत ठेवत, चेहऱ्यावर काही न दाखवता. त्या न दाखवण्याचाच मला राग यायचा.

मग रायफल साफ करणं. पुलथ्रू नावाची एक दोरी असते, तिला फलालिनीचा तुकडा अडकवून नळीतून ओढायचा. नळी आरशासारखी झाली तरी उस्ताद म्हणायचे, "और." भरण्याचा हुकूम "भर", उतरवण्याचा हुकूम "खाली-कर". हे दोन हुकूम आम्ही लाकडी गोळ्यांवर इतके घोटले की झोपेत कुणी म्हटलं असतं तरी हात हलले असते. आवाजाची भीती घालवायला केरबानं घरून सरकी काढलेला कापूस मागवला होता. सगळ्या सेक्शननं तो कानात घालायला वाटून घेतला. 

चांदमारीच्या दिवशी लाल झेंडे लागले. आजूबाजूच्या वाड्यांवर आदल्या दिवशी दवंडी दिली होती. मातीच्या बांधापुढं खंदक, त्यात बट पार्टी, म्हणजे निशाणं वरखाली करणारे जवान. आम्ही शंभर यार्डांवर वाळूच्या पोत्यांमागं पालथे. मागं खुर्चीवर कंपनी कमांडर कॅप्टन साहेब, गोरा, वयानं आमच्याच बरोबरीचा. केरबा माझ्या डाव्या हाताला होता. पाच गोळ्या भरल्या. पहिला दणका बसला तेव्हा कळलं की जुने शिपाई अगदीच खोटं बोलत नव्हते.

प्रत्येकाच्या दोन गोळ्या झाडून झाल्या असतील. तिसरी नळीत चढवली, तेवढ्यात बांधाच्या कोपऱ्यावरून शेळ्या उतरल्या. दवंडी शेळ्यांना कोण देणार? त्यांच्यामागं त्यांची मालकीण, डोक्यावरचा पदर धरून पळत येणारी म्हातारी. शिटी वाजली. उस्ताद ओरडले, "रोक! राइफल खाली!"

घाईत त्यांचा "कर" राहिला. माझ्या हातानं सवयीनं नळीमागचा बोल्ट पुन्हा पुन्हा ओढला आणि काडतुसं बाहेर पडली. तिकडं बट पार्टीतले दोघं खंदकातून वर चढले आणि शेळ्या हाकायला लागले. आमचं सगळ्यांचं लक्ष तिकडंच. उस्ताद मागून रांगेनं येत होते. एकेकाच्या बुटाला काठी लावून विचारत होते, "खाली?" लाकडी गोळ्यांवर हे कधी विचारलं नव्हतं, कारण विचारायची गरज नव्हती. मी म्हणालो, "खाली, उस्ताद." केरबाला विचारलं. तो म्हणाला, "व्हय, खाली."

मग "उठ" झालं. केरबा उठताना रायफल उचलायला गेला, बोट घोड्यावर गेलं आणि गोळी सुटली.

आमच्यापुढं थोड्या अंतरावर मातीचा फवारा उडाला. बांधाजवळचे दोघं जवान आणि म्हातारी जमिनीवर आडवी झाली. शेळ्या चौखूर उधळल्या. मग म्हातारी उठून बसली आणि तिनं आमच्या सगळ्यांच्या आयांचा उद्धार केला, तेव्हा कळलं की कुणाला लागलं नाही. मला तिच्या शिव्या इतक्या गोड कधी वाटल्या नव्हत्या.

केरबा उभा होता. एका कानातला कापूस लोंबत होता. उस्तादांनी त्याच्या हातातून रायफल घेतली.

"खाली बोला था ना?"

"व्हय, उस्ताद."

"फिर झूठ क्यों बोला?"

"झूठ न्हाई. खालीच व्हती."

कॅप्टन साहेब चालत आले. त्यांनी केरबाकडं पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला, "कुकहाउस." केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. लंगरात परत जायचं दुःख होतंच, पण खोटारडा ठरलो याचं जास्त होतं. तो खोटं बोलणारा नव्हता. मी त्याला ओळखत होतो.

मी उस्तादांकडं बोलायची परवानगी मागितली. त्यांनी मान हलवली. मी सांगितलं की आमच्याकडं घर खाली करतात तेव्हा ते रिकामं होतं, आणि बंदूक खाली ठेवतात तेव्हा ती जमिनीवर जाते. शब्द एक, अर्थ दोन. केरबानं हुकूम ऐकला आणि रायफल खाली ठेवली. विचारलं तेव्हा ती खालीच होती.

 उस्ताद रांगेकडं वळून म्हणाले, "राइफल खाली. मतलब दिखाओ." निम्म्या पोरांनी बोल्टकडं बोट केलं, निम्म्यांनी जमिनीकडं. एका शहाण्यानं दोन्हीकडं केलं. एरवी हसू आलं असतं, त्या दिवशी कुणी हसलं नाही.

उस्ताद साहेबांसमोर जाऊन सावधान उभे राहिले. "साहब, हुकूम मेरा था. गलती हुकूम की है, जवान की नहीं." इतक्या वर्षांच्या नोकरीच्या हवालदारानं साऱ्या कंपनीदेखत हे म्हणणं सोपं नव्हतं. त्यांच्या मानेची शीर ताठ दिसत होती. साहेबांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, हा जवान सगळ्यांत शेवटी फायर करील, तुम्ही त्याच्याजवळ उभे राहाल.

उस्ताद माझ्याकडं आले. गोळी नसली तर तुम्ही काय म्हणता, हे त्यांनी विचारलं.

"रिकामी, उस्ताद."

"रि-का-मी." त्यांनी तो शब्द कडू औषधासारखा तोंडात फिरवला.

केरबानं सगळ्यांच्या शेवटी एकट्यानं फायर केला. त्यानं तो अर्धा श्वास धरला आणि एकेक गोळी झाडली. एक गोळी बाहेर, बाकी सगळ्या निशाणावर. उस्ताद गुडघ्यावर बसले, बोल्ट उघडला, आपली करंगळी नळीच्या मागच्या तोंडात घालून चाचपली आणि विचारलं, "रिकामी?" केरबा म्हणाला, "रिकामी." साहेब मागून म्हणाले, "पास." त्या संध्याकाळी केरबा लंगरात गेला आणि पहिल्यांदाच आमच्यासोबत ताट घेऊन रांगेत उभा राहिला. वाढणारा लांगरी त्याला चिडवत होता, आणि तो नुसता हसत होता.

तेव्हापासून उस्तादांनी मराठी रिक्रूटांना "खाली?" असं कधी विचारलं नाही. करंगळी आणि "रिकामी?" हीच त्यांची रीत झाली. त्यांना मराठीतला तेवढा एकच शब्द येत होता.

पुढच्या साली आमचा ड्राफ्ट, म्हणजे तयार झालेल्या जवानांची तुकडी, ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर गेला. उस्तादही आले. तिथल्या लढाईची मोठी हकिगत सांगणारे पुष्कळ आहेत, मला फक्त एका टेकडीचं सांगायचं आहे. तिच्या पुढच्या उतारावर आमची तीन नंबरची चौकी होती, नाल्यावर लक्ष ठेवायला. तिथं केरबा आणि आणखी तिघं. दुपारी हल्ला आला. मी टेलिफोनपाशी होतो.

"तीन नंबर, बोलो."

"एमो कम. बाकी ठीक."

आवाज केरबाचा होता; एमो म्हणजे गोळ्या. त्यानंतर मी हाक मारत राहिलो आणि तार मुकी झाली.

आम्ही नाला परत घेतला तेव्हा दिवस कलला होता. चौघंही चौकीतच होते. केरबा पालथा, पोत्यावर नेम धरलेला, जसा हिंगोलीच्या माळावर असायचा. उस्तादांनी त्याच्या अंगाखालून रायफल हळूच काढून घेतली. बोल्ट उघडला. करंगळी आत घातली. बराच वेळ ती तशीच ठेवली.

"रिकामी," ते म्हणाले.

मी रडलो. उस्ताद रडले नाहीत, पण रायफल त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही, स्वतः उचलून आणली. थोड्याच दिवसांनी तेही गेले, तोफेच्या गोळ्यानं. त्यांचं गाव कुठलं हे मला नीट माहीत नाही, याची अजून रुखरुख आहे.

लढाई संपल्यावर मी सुट्टीवर आलो तेव्हा साखऱ्याला जाण्याआधी पुसेगावला उतरलो. केरबाची आई ओट्यावर तूर निवडत होती. पाणी दिलं, बस म्हणाली आणि सूप बाजूला ठेवलं.

"लोक म्हनतेत, माहा केरबा तिकडं सैपाकच करून राहिला व्हता. चुलीपाशीच गोळी लागली म्हनं. तू संग व्हतास. खरं काय ते सांग."

मी तिला टेकडीचं सांगितलं, टेलिफोनचं सांगितलं. उस्तादांनी करंगळी घालून रायफल पाहिली आणि ती रिकामी निघाली, हेही सांगितलं. रिकामी निघाली म्हणजे काय समजायचं, तिनं विचारलं. मी म्हणालो, होत्या तेवढ्या सगळ्या गोळ्या त्यानं झाडल्या होत्या.

तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"म्हंजे आखरीपतोर बंदूक खाली ठिवली न्हाई त्यानं."

"न्हाई, मावशी," मी म्हणालो. "खाली ठिवली न्हाई."